मागच्या पडवीतला झोपाळा

“दादा हल्ली काय करतात?” हा प्रश्न आम्हाला कचेरीत, लग्नात, विहारात कुठेही गेले तरी विचारला जातो. दादा म्हणजे आमचे वडील. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात १९७३ साली खलाशी म्हणून लागले आणि २०११ साली फिटर म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर महिनाभरात आईला घेऊन ते मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला गेले. विचारणाऱ्याला उत्तर अपेक्षित असते ते असे, की दादांनी गावच्या शाखेचे काम हाती घेतले, कलमे लावली, निदान पिठाची गिरणी तरी टाकली. खरे उत्तर मात्र एका ओळीचे आहे. दादा झोपाळ्यावर बसतात आणि परसातली पाखरे बघतात.

वाचकहो, हे उत्तर द्यायची आम्हाला बरीच वर्षे लाज वाटत असे. आम्ही कचेरीत कारकून आणि संध्याकाळी व रविवारी समाजाच्या कामात. कोणाचा जातीचा दाखला अडला आहे, कोणाच्या मुलाची शिष्यवृत्ती आली नाही, कुठे वर्षावासाची तयारी आहे, ह्यात आमचा वेळ जातो. सभेत उभे राहून आम्ही सांगतो की निवृत्त माणसांनी आपला वेळ समाजाला द्यावा. आणि आमचेच वडील दिवसभर झोके घेत बसलेले! त्यातून आम्ही बी.कॉम. झालेले. प्रत्येक गोष्ट जमेला लिहायची की खर्चाला, हे पाहायची खोड. झोपाळा कोणत्या बाजूला लिहावा ते कळेना.

आणखी एक गोष्ट होती. दादांना नुसते बसलेले आम्ही लहानपणी कधी पाहिलेच नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसे. बसायला जागाच कुठे होती? दादा उकिडवे बसून जेवत, उठून कामाला लागत, रात्री बाहेरच्या गॅलरीत पथारी टाकत. रविवारी कोणाचा नळ दुरुस्त कर, कोणाच्या दाराची कडी बसव. तेव्हा ‘दादा बसले आहेत’ हे वाक्य आमच्या घरात नव्हतेच.

आता झोपाळ्याविषयी. तो नवा नाही. शेजारच्या गावात खोतांचे जुने माडीचे घर होते. २०१२ साली त्यांच्या वारसांनी ते उतरवून स्लॅबचे बांधायला काढले आणि तुळया, दारे, खिडक्या विकायला काढल्या. दादा सहज बघायला गेले ते झोपाळा घेऊनच आले. साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन इंच जाड सागवानी फळी आणि चार लोखंडी कड्यांच्या सळ्या. बेचाळीसशे रुपये मोजले. टेम्पोचे भाडे वेगळे. आईने आठ दिवस अबोला धरला, असे तीच सांगते.

तरुण वाचकांना खोत म्हणजे काय ते कदाचित माहीत नसेल. कोकणात गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरायचा हक्क खोताकडे असे. त्या हक्काच्या जोरावर कुळांकडून पिकाचा मोठा वाटा तर जाईच, शिवाय वेठ म्हणून फुकटची कामेही करावी लागत. ही पद्धत बंद व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. आमची आजी लग्न होऊन गावात आली ती त्याच्या आधी. खोतांच्या अंगणात तिने लाकडाचे भारे वाहून टाकलेले.

२०१२ साली आजी हयात होती, नव्वदीला टेकलेली. दादा फळी उलटी टाकून काचपेपरने घासत होते. आजी जवळ येऊन वाकली आणि लाकडातल्या एका काळ्या गाठीवर बोट ठेवून म्हणाली, “ही गाठ माझ्या वळखीची हाय.” आम्हाला उमजेना. मग तिने सांगितले. खोतांची पडवी उंच, ही माणसे खाली अंगणात उभी. झोका पुढे आला की फळीची खालची बाजू दिसायची. वरची बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती.

झोपाळा टांगून झाल्यावर आजी काही त्यावर बसेना. “मला न्हाय जमायचं,” म्हणायची आणि खाली जमिनीवर पाय पसरून बसायची. एका दुपारी आई परसात गेली तर आजीला झोपाळ्यावर गाढ झोप लागलेली. त्यानंतर २०१३ च्या उन्हाळ्यात ती गेली तोवर दुपारचा झोपाळा आजीचा होता.

झोपाळा लोक पुढच्या पडवीत टांगतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा, चार माणसे टेकावीत म्हणून. दादांनी तो मागच्या पडवीत टांगला, परसाकडे तोंड करून. कारण विचारले तर म्हणाले, “पुढे बसलं की माणसं बघायला लागतात. आडतीस वर्षं माणसंच बघितली.” टांगण्याचे काम मात्र फिटरच्या हाताचे. तुळई ठोकून आवाजावरून वाळवी लागली आहे का ते पाहिले, जुने आकडे झिजले होते ते टाकून नवे घडवून आणले, नटावर दुसरा नट आवळला आणि पहिले दोन दिवस फळीवर भाताची दोन पोती ठेवून झोके दिले. कड्यांना वर्षातून दोनदा ग्रीस. हे मुद्दाम लिहितो, कारण हल्ली मुले हौसेने झोपाळे टांगतात आणि आकडा कशात अडकवला आहे ते कोणी बघत नाही. जुन्या तुळईला किंवा स्लॅबला आकडा मारायचा असेल तर आधी जाणत्या मिस्त्रीला दाखवावे.

परस म्हणाल तर फार मोठे नाही. चार गुंठे असेल. एका बाजूला न्हाणी, तिच्या सांडपाण्यावर अळू आणि दोन केळी. मधे जास्वंद, कढीपत्ता, शेवगा. कडेला जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, गडग्यापलीकडे करवंदीच्या जाळ्या आणि मग उतार. पूर्वी एक फणस आणि दोन आंबे होते. ते का नाहीत ते पुढे येईलच.

पहिले वर्ष दादांना बसणे जमले नाही. ही गोष्ट त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितली. पहाटे चारला जाग यायची, सातला अंगात कामावर जायची घाई सुटायची. झोपाळ्यावर बसले तरी हाताला काहीतरी लागे. खिळे सरळ करीत बसत, फाटकी छत्री खोलून बसत. पाखरू म्हणजे कावळा, चिमणी, साळुंकी, संपले. मग २०१३ साली, आजी गेली त्याच उन्हाळ्यात, न्हाणीजवळच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर एका बोटाएवढ्या पाखराने घरटे बांधायला घेतले.

तो जांभळा शिंजीर होता. हे नाव नंतर कळले. नराच्या पाठीवर ऊन पडले की जांभळा-हिरवा चमकतो. मादी साधी मळकट पिवळी, पण बांधकाम सगळे तिचे. कोळ्याचे जाळे चोचीत आणायची आणि तारेला गुंडाळायची. त्यात वाळकी पाने, सालीचे तुकडे अडकवायची. लांबून बघणाऱ्याला वाटावे की तारेला कचरा लोंबतो आहे. आत जायला बाजूने एक भोक आणि भोकावर पुढे आलेले छोटेसे छप्पर. दादा म्हणतात, “आम्ही वर्कशॉपात डब्याच्या दारावर पत्र्याची पट्टी मारायचो, पाणी आत येऊ नये म्हणून. तेच काम.” पंधरा-सोळा दिवस मादी अंड्यांवर बसली. त्या दिवसांत दादांनी झोका घेतला नाही. झोपाळा हलला की ती उडून जाई, म्हणून पाय जमिनीला टेकवून नुसते बसून राहत. आईने कपडे पुढच्या अंगणात वाळत घातले. दोन पिल्ले निघाली आणि दोन्ही उडाली.

दादांना बसायला शिकवले ते त्या मादीने. हे त्यांचेच वाक्य आहे, आमचे नव्हे.

तेव्हापासून त्यांनी एक वही घातली. रेल्वेतली जुनी डायरी, तारखा खोडून नव्या घातलेल्या. नोंदी अगदी हजेरीपटासारख्या: ‘सकाळ. सातभाई ९. खार १. दयाळ गात होता.’ कारकुनाच्या नजरेने आम्ही ती वही तपासली आणि सांगायला हरकत नाही, आमच्या कचेरीतल्या कित्येक रजिस्टरांपेक्षा ती चोख आहे. दयाळ मार्च ते जुलै पहाटे गातो, थंडीत गप्प. कोकीळ गातो तो नर. काळा, लाल डोळ्यांचा. मादी ठिपक्याठिपक्यांची, ती गातच नाही, नुसती किकाटते. कोकिळेचा आवाज गोड असे आम्ही शाळेपासून वाचत आलो. दादांनी तीन उन्हाळे बघून सांगितले की ते चूक आहे.

सातभाई हे दादांचे सर्वांत आवडते. मळकट मातकट रंगाची, सतत कचकच करणारी ही पाखरे सात-आठ-दहांच्या टोळीने हिंडतात. टोळी पाचोळ्यात किडे शोधत असते तेव्हा एखादा उंच फांदीवर बसून पहारा देतो. शिकरा किंवा मांजर दिसले की तो ओरडतो आणि बाकीचे झाडीत. पिल्लांना भरवायचे काम एकट्या आई-बापाचे नसते, टोळीतले बाकीचेही किडे आणून देतात. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येणारा चातक आपली अंडी ह्याच सातभाईंच्या घरट्यात घालतो, आणि हे बिचारे तेही पोर वाढवतात. “युनियनवाले आहेत,” दादा म्हणतात. आम्ही त्यावर हसलो तर म्हणाले, “हसू नकोस. तुमच्यात पहाऱ्याला कोण बसतो सांग.” आमच्या कार्यकर्त्यांची नावे डोळ्यांपुढे आली आणि आम्ही विषय बदलला.

पाखरांची नावे दादांना पुस्तकातून कमी, आईकडून अधिक कळली. आई सातवीपर्यंत शिकलेली. पण भारद्वाजाला कुंभारकावळा म्हणायचे, तो गोगलगाई, सरडे खातो, दुसऱ्यांच्या घरट्यातली पिल्लेही उचलतो, हे तिला माहेरापासून माहीत. दादांनी चाळीस वर्षांच्या संसारात तिला हे कधी विचारले नव्हते आणि तिनेही सांगितले नव्हते. मुंबईच्या खोलीत कुंभारकावळ्याची गोष्ट निघणार तरी कशी? वनखात्यात आयुष्य घालवलेले मारुती चितमपल्ली, जे २०२५ साली आपल्यातून गेले, त्यांनी पाखरांची, झाडांची कितीतरी नावे रानातल्या माणसांकडून ऐकून लिहून ठेवली. आमच्या आयाबायांच्या तोंडी अशी किती नावे असतील, ती कोणी लिहून घेणार की नाही? आमच्या मुलीने सुट्टीत आजीकडून चाळीस लिहून घेतली आहेत. त्यातली काही पाखरांची आहेत, काही मुंग्यांची. मुंग्यांनाही वेगवेगळी नावे असतात हे आम्हाला तेव्हा कळले.

सगळेच गोड नाही. परस म्हटले की साप आलाच. २०१६ च्या पावसाळ्यात न्हाणीमागच्या लाकडांच्या ढिगातून सहा-सात फुटी धामण निघाली आणि वाडीतली चार पोरे काठ्या घेऊन धावली. धामण म्हशीच्या पायांना वेढा घालून दूध पिते, ही समजूत आमच्याकडे अजून आहे. दादा झोपाळ्यावरून उठले आणि ढिगापुढे उभे राहिले. म्हणाले, “सापाला दूध ओढता येत नाही. हिला विष नाही. ही उंदीर खाते, आणि तुमच्या कणगीतला भात उंदीर खातात. आता मारा.” पोरे परत गेली. मात्र ह्याचा अर्थ प्रत्येक सापापुढे उभे राहावे असा कोणी घेऊ नये. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे पुष्कळ. नाग, मण्यार, घोणस हेही आहेत. दादांनी त्या दिवसानंतर लाकडांचा ढीग घरापासून लांब नेला आणि रात्री परसात बॅटरीशिवाय पाऊल टाकत नाहीत. साप चावला तर कापाकापी, आवळून बांधणे, मंत्र ह्यात एक मिनिट घालवू नये. हातपाय न हलवता माणसाला सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. विषावरची लस तिथे मिळते.

३ जून २०२० रोजी दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले. आमचा मंडणगड तालुका सावित्रीच्या खाडीच्या अलीकडे, अगदी लागून. टाळेबंदीचे दिवस, आम्ही नालासोपाऱ्याला घरात कोंडलेले. सकाळी अकराला फोनवर आईचा आवाज ऐकला, त्यात वाऱ्याचाच आवाज जास्त. मग फोन बंद. आठ दिवस बंद. त्या आठ दिवसांत आम्ही काय काय मनात आणले ते लिहीत नाही. नवव्या दिवशी गावचा एक मुलगा डोंगरावर चढून रेंज मिळवून बोलला. दोघे सुखरूप. चुलत्यांच्या स्लॅबच्या घरात होते.

पास काढून आम्ही जुलैत पोचलो. फणस मुळासकट आडवा. दोन्ही आंबे गेले. शेवगा कमरेपासून वर मोडलेला. मागच्या पडवीची कौले एकही शिल्लक नाही, पण भिंत आणि तुळई उभी, आणि तुळईला झोपाळा. दादा त्यावर बसलेले, डोक्यावर ताडपत्री. वहीत ३ जूननंतर बरेच दिवस एकच शब्द लिहिलेला: ‘कावळा.’ मग ‘कावळा, साळुंकी.’ सातभाई ऑगस्टच्या शेवटी आले. पाच. पुढच्या वर्षी सात झाले.

खरा प्रश्न पुढेच आहे. २०२१ च्या पावसाळ्यात न्हाणीकडे जाताना शेवाळावरून आईचा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. वादळात झाडे गेलेली, घर अर्धे ताडपत्रीवर, आणि त्यात हे. आम्ही नोकरीच्या गावाहून येणार कितीदा? भावंडांनी मिळून ठरवले की एक तर दोघांनी आमच्याकडे यावे, नाहीतर परसाला सगळा कोबा करून घ्यावा, म्हणजे चिखल नाही, शेवाळ नाही, साप नाही. मोडका शेवगाही तोडायचा, कारण अर्धे खोड वाळून गेले होते आणि अर्ध्यालाच धुमारे फुटले होते. आम्ही गवंड्याला पाच हजार आगाऊ दिले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत आठ दिवसांची रजा काढून कामावर उभे राहायला गेलो.

दादा म्हणाले, “मे महिन्यापर्यंत थांब.”

“का?”

“शेवग्यात माणसं राहायला आलीत.”

आम्हाला काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी आम्हाला झोपाळ्यावर बसवले. दहा मिनिटांत आम्ही तीनदा घड्याळ पाहिले. “बसायला शिक जरा,” दादा म्हणाले. अर्धा तास गेला. मग वाळक्या खोडाच्या खालच्या अंगातून भुसा गळताना दिसला. नुसता भुसा, पाखरू नाही. मग भोकातून एक डोके बाहेर आले. कपाळ लाल, गळा पिवळा, अंग हिरवे. तांबट.

हे पाखरू तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिराचे नाव लावते. कारण त्याचा आवाज. टुक, टुक, टुक, एका ठेक्यात, चोच मिटलेली, गळ्याची पिशवी फुगते-मिटते. दादांनी घड्याळ लावून मोजले तर मिनिटाला शंभरावर गेले. वड, पिंपळ, उंबराची फळे खातो आणि घर करतो ते वाळलेल्या, मऊ लाकडात. नर-मादी दोघे आळीपाळीने कोरतात. भोक शक्यतो कललेल्या फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी आत जात नाही. जिवंत, टणक झाड त्याच्या चोचीला जड जाते. त्याला लागते ते मोडलेले, वाळलेले झाड, जे आपण सर्वांत आधी तोडतो. आम्ही तर तोडायला माणूसच घेऊन आलो होतो.

तरीही आम्ही वाद घातला. लपवत नाही. “आईचं हाड महत्त्वाचं की पाखरू?” असे आम्ही दादांना विचारले, आणि आवाज चढवून विचारले. दादा गप्प बसले. आई दारात तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, “माझ्या हाडाचं नाव पुढं करू नकोस. मला न्हाणीपर्यंत वाट हवी. मैदान नको.”

एवढे साधे आमच्या ध्यानात आले नव्हते. पडलेल्या गडग्याचे चिरे होतेच. त्या आठ दिवसांत दादांनी आणि आम्ही मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत चिऱ्यांची तीन फूट रुंद वाट बसवली, चिऱ्यांवर टाकीने आडव्या रेघा मारल्या, पाय धरावा म्हणून. एका बाजूने दादांनी पाण्याच्या जुन्या पाइपाचा कठडा उभा केला, आईच्या कोपराच्या उंचीला. त्यानंतर आई घसरलेली नाही. दुपारी काम थांबले की आम्ही झोपाळ्यावर बसत होतो. चौथ्या दिवशी घड्याळ बघायचे विसरलो. एप्रिलात दादांचा फोन आला की पिल्लाने भोकातून डोके काढले.

वाचकांपैकी पुष्कळांकडे परस नाही हे आम्हाला माहीत आहे. आमच्याकडेही नालासोपाऱ्याला चार बाय सहाची गॅलरी आहे. तिथे मातीची पसरट थाळी ठेवली, दोन बोटे पाणी, मधे एक दगड, पाखराला टेकायला. पाणी रोज ओतून थाळी घासायची, नाहीतर डास होतात. फरसाण, शिळे खारट अन्न टाकू नये. आमच्याकडे दोन साळुंक्या, एक बुलबुल आणि पुष्कळ कबुतरे येतात. कबुतरांचे काय करावे हे दादांनाही सांगता आले नाही. आणि पोरांच्या हट्टासाठी पिंजऱ्यातला पोपट आणू नका. आपला पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पुष्कळ घरांत हे ठाऊकच नसते.

दुसरीही एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. दादांना रेल्वेची पेन्शन आहे म्हणून झोपाळा हलतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतून बाहेर फेकले गेलेले आमचे चुलते सत्तराव्या वर्षापर्यंत वॉचमनची रात्रपाळी करीत होते. नाक्यावर उभे राहणारे, कचरा वेचणाऱ्या बाया, ह्यांना निवृत्तीचे वयच नाही. त्यांनी थकून बसणे आणि दादांनी बसणे ह्यात फरक आहे. म्हणून हल्ली सभेत आम्ही म्हाताऱ्या माणसांचा वेळ मागत नाही. त्यांची पेन्शन मागतो.

दादा आता पंचाहत्तरीत आहेत. शेवग्याचे वाळके खोड खालून कुजत चालले आहे, आणखी एखादा पावसाळा काढेल. टेकू द्यावा का असे आम्ही विचारले, तर म्हणाले राहू दे, शेजारच्या पांगाऱ्याची फांदी वाळते आहे, त्यांनी ती बघून ठेवली आहे. त्यांनी म्हणजे तांबटांनी. आमची मुलगी मे महिन्यात महिनाभर तिथे असते. झोपाळ्याच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला दादा, मधे वही. नोंदी आता तिच्या अक्षरात आहेत. गवंड्याकडचे पाच हजार मात्र अजून परत आलेले नाहीत. न्हाणीचे काम काढा, त्यात वळते करतो, असे तो दर वेळी म्हणतो.